पाच मिनिटं डिझेलवर

मुलाने ट्रक अंगणात उभा केला, स्टिअरिंगखालची कळ फिरवली आणि इंजिन चालूच ठेवून खाली उडी मारली. खिशात फोन वाजत होता. खाणमालकाचा. फाटकाकडे धावता धावता त्याने पायरीवर बसलेल्या बापाला सांगितलं.

"बाबा, डिझेलवर घेतलीय. घड्याळ लावून पाच मिनिटं चालू द्या, मग बंद करा."

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. मनातून तो सुखावला होता. ट्रक मुळात त्याचाच, पण गेल्या सहा महिन्यांत मुलाने त्याला साधा आरसा पुसायलाही सांगितलं नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी मुलाने ट्रकला दुसरी टाकी बसवली होती. हॉटेलांतून तळणीचं जळकं तेल आणायचं, दोनदा गाळायचं आणि त्या टाकीत ओतायचं. सुरुवात डिझेलवर, इंजिन तापलं की कळ फिरवून तेलावर. मात्र बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर घेऊन नळ्या धुऊन काढायच्या, नाहीतर थंडीत तेल आतच थिजतं. गॅरेजवाले त्याला तळणीवाला म्हणायचे, तुझी गाडी नुसती समोरून गेली तरी भूक लागते म्हणायचे. बाप तर त्यांच्याही पुढे होता. दुधाची तहान ताकावर भागत नसते, हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवायचाच. नळ्या धुण्याचं शास्त्र त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं.

आता तो सीटवर चढून बसला आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. चाळीस वर्षं त्याने ट्रक हाकले होते. उभ्या गाडीत डिझेल जाळतो तो त्याच्या लेखी ड्रायव्हरच नव्हे. एक मिनिट त्याने कसंबसं काढलं. इंजिन धडधडत होतं, चांगलं डिझेल धूर होऊन चाललं होतं, आणि तेही कशासाठी, तर पोराच्या पुस्तकी खुळासाठी. त्याने किल्ली फिरवली.

दोरीवरचे कपडे काढणारी सून आवाज थांबताच वळून बघू लागली.

मुलगा परत आला तो हवेतच. उद्या सकाळी सातला मालक खाणीवर जातीने थांबणार होता. माल भरलेली गाडी तेलावर चढ चढून आली, तर त्याच्या आठही ट्रकना दुसरी टाकी याच्याच हातची बसणार होती. स्वतःचं वर्कशॉप आता फार लांब राहिलं नव्हतं.

"पाच मिनिटं दिलीत ना?" त्याने विचारलं.

"दिली की. आता मला घड्याळ शिकवतोस?"

मुलगा ओशाळून हसला. सुनेने हातातल्या शर्टाची घडी घातली, मोडली, आणि पुन्हा घातली.

सकाळी हात बाहेर काढवत नव्हता इतकी थंडी होती. पहिल्या किल्लीला इंजिन नुसतं कण्हलं. आठव्या किल्लीला बॅटरीनेही मान टाकली. मुलाने फिल्टर उघडला, तर आत पांढरंफटक तेल तुपासारखं थिजलेलं. सून आतून पातेल्यामागून पातेली गरम पाणी आणत होती, तो नळ्यांवर ओतत होता. सव्वाआठला मालकाचा फोन आला. तुमची कढई तुम्हालाच लखलाभ, एवढंच बोलून त्याने तो ठेवला.

दहाच्या सुमाराला बॉनेटवर ऊन आलं. शेजाऱ्याची बॅटरी जोडल्यावर ट्रक सुरू झाला आणि अंगणभर तळणाचा वास पसरला. मुलाने पाच मिनिटं मोजून तो बंद केला आणि बापाशेजारी पायरीवर येऊन बसला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"सकाळपासून शोधतोय, चुकलं कुठे," तो म्हणाला. "तेल दोनदा गाळलं होतं. कळ मी माझ्या हाताने फिरवली. पाच मिनिटं तुम्ही दिलीत. तरी थिजलं. म्हणजे मुळात माझंच डोकं चुकलं, बाबा. तुम्ही म्हणत होतात तेच खरं."

सहा महिने म्हातारा हेच वाक्य ऐकायला टपून बसला होता. आता ते ऐकताच त्याने मनगटावरचं घड्याळ बाहीखाली ओढून घेतलं. सांगून टाकावं, एक मिनिटच दिलं म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. सून चहा घेऊन दारात उभी होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, सासऱ्याकडे बघत होती.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस," म्हातारा म्हणाला. "होतं असं."

सुनेने एक कप नवऱ्याच्या हातात दिला. रोज दुसरा कप ती सासऱ्याच्या हातात द्यायची. आज तो तिने पायरीच्या टोकाला ठेवला आणि आत निघून गेली.

कुणाकडे तरी ड्रायव्हर म्हणून लागतो, असं मुलगा चहा पिता पिता म्हणाला. मग दुसरी टाकी काढायला तो गाडीखाली शिरला. थोड्या वेळाने पाना घेण्यासाठी त्याचा काळा हात बाहेर आला. मागायची वेळ आली नाही. सतरा नंबरचा पाना म्हातारा कधीचा हातात धरून बसला होता.