बिनभोकाची बटणे

मी एक जुनी गोळ्यांची डबी आहे. निळ्या प्लास्टिकची, सात वारांच्या सात खणांची. बुधवारचे झाकण तुटले आहे, त्यावर चिकटपट्टी आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, डबीला कसले आले आहे आयुष्य! ऐका तर खरे.

माझा जन्म साच्यातून झाला. माझ्याबरोबर हजारो बहिणी जन्मल्या, त्यामुळे लाड कुणाचेच झाले नाहीत. औषधाच्या दुकानात बरीच धूळ खाल्ल्यावर ताईने मला विकत घेतले. ताई तिच्या आत्याच्या शिवणाच्या दुकानात कापड बेतण्याचे काम करी. तिला फिट येत असत. त्यासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, सकाळी एक आणि रात्री एक. गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या आणि ताईच्या हातात पुन्हा कात्री आली. हे सगळे माझ्या पोटातल्या ऐवजामुळे, म्हणून मी ऐटीत असे. माझ्यात फक्त सकाळच्या गोळ्या असत आणि त्या ताई दुकानातच घेई; रात्रीची गोळी ती घरी पाकिटातून घेई. संध्याकाळी आत्या माझे त्या दिवसाचे झाकण उघडून बघे आणि म्हणे, "शहाणी गं माझी डबी!"

पण गोळीने फिट थांबवली, तशी ताईची दुपारही पळवली. रात्री ती गाढ झोपे, तरी सकाळी न झोपल्यासारखी उठे. जेवणानंतर डोळ्यांवर झापड येई. साधा 'अस्तर' हा शब्द ओठांवर येऊन अडके. ऐकलेले माप फळ्यावर लिहीपर्यंत विसरे.

"अगं, डुलक्या कसल्या काढतेस? रात्रभर घोरत तर होतीस," आत्या म्हणे. आत्या मनाने वाईट नव्हती, पण तिचे तोंड नेहमी मनाच्या आधी पोहोचे.

एकदा एका गिऱ्हाइकाने कोटाचे कापड दिले. कापड अगदी बेताचे होते आणि त्याला सुलट-उलट बाजू होती. अशा कापडात एक बाही कापली की कागदी साचा पालथा घालून दुसरी कापायची, हे ताईने झोपेतही सांगितले असते. त्या दुपारी तिने ते काम बहुधा झोपेतच केले. साचा पालथा घालायचा राहिला आणि दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या.

"आता दोन उजव्या हातांचा माणूस कुठून आणू मी?" आत्या म्हणाली. सगळे हसले, ताई सोडून. मग आत्या गंभीर झाली. "आणखी एक चूक झाली, तर टेबल सोडायचं. मग बटणं लावत बसायचं."

ताईचा सगळा जीव त्या टेबलात होता. दुसऱ्या दिवसापासून सकाळची गोळी तिच्या तोंडात न जाता शेजारच्या बटणांच्या डब्यात जाऊ लागली. पांढऱ्या बटणांत पांढरी गोळी, कुणाला दिसणार? संध्याकाळी त्या दिवसाचा खण रिकामा दिसे आणि आत्या माझे कौतुक करी. ते खोटे कौतुक मला फार टोचे.

काही दिवस ताई खरेच तरतरीत होती. हात सरसर चालू लागला, आत्या खूश झाली. मग एका सकाळी कात्री कापडात अर्धी शिरली आणि तिथेच थांबली. ताईचे डोळे उघडे होते, पण त्यांत ताई नव्हती. ओठ नुसतेच हलत होते. थोड्या वेळाने ती भानावर आली, तेव्हा तिला काहीच आठवत नव्हते. आत्याला वाटले, ही पुन्हा पेंगली. मला मात्र कळले की ही फिटच होती आणि भीती वाटली. पण डबीला तोंड असले तरी वाचा नसते.

त्याच दिवशी आत्या शर्टाला बटण लावायला बसली. तिने डब्यातून एक उचलले, सुई खालून घातली, पण भोक सापडेना. तिने चष्मा पुसला. "काय मेलं बटण, भोकंच नाहीत याला." तिने सुई दाबली, तसा बटणाचा चुरा झाला. तिने चुऱ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि डबा जमिनीवर उपडा केला. बटणे एकीकडे, गोळ्या एकीकडे करत ती बसून राहिली.

"कधीपासून?"

"बाह्या चुकल्या तेव्हापासून," ताई म्हणाली. "गोळी घेतली की डोकं चालत नाही, आत्या. आणि डोकं चाललं नाही तर टेबल जातं."

"कात्री हातात असताना पडली असतीस म्हणजे? मला सांगायचं नाही होय?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, कामचुकारपणाला निमित्त."

आत्याने गोळ्या पदरात गोळा केल्या. ती अगदी तसेच म्हणाली असती.

दोघी लगेच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. मीही पिशवीत होते. बाई आधी रागावल्या. गोळी आपल्या मनाने कधीही बंद करायची नाही, एकदम थांबवली तर फिट आधीपेक्षा जोरात येऊ शकते, असे त्यांनी बजावले. मग म्हणाल्या, "झोपेचं, झापडीचं आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही फिट आली का, एवढंच विचारायचात."

बाईंनी पेन खाली ठेवले. "बरोबर आहे तुझं. आता सगळं सांग."

मग त्यांच्या देखरेखीखाली औषधाचे प्रमाण हळूहळू बदलले. सकाळचा डोस कमी झाला, रात्रीचा वाढला. झापड बरीच ओसरली. सगळे ठाकठीक झाले असे मी म्हणणार नाही, कारण अजूनही एखादा शब्द अडकतो. म्हणून बेतायचे काम आता सकाळीच होते आणि कापण्याआधी आत्या साच्यावर एक नजर टाकते. दुपारी ताई पडद्यामागे थोडी आडवी होते. त्यावर कुणी काही बोलत नाही.

नव्या डोसांसाठी सकाळ-रात्रीचे वेगळे खण असलेली नवी डबी आली आणि मी अडगळीत पडले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पुढे आत्यानेच मला शोधून धुतले. आता माझ्या सात खणांत बटणे असतात, भोकांसकट.

मित्रांनो, आम्हा डब्यांवर फार विसंबू नका. रिकामा खण एवढेच सांगतो की गोळी बाहेर गेली. ती कुठे गेली आणि ती घेऊन माणसाचा दिवस कसा जातो, हे माणसालाच विचारावे लागते. दुकान उघडले की आत्या ताईला रोज विचारते, "गोळी घेतलीस?" आणि मग, "झोप कशी झाली?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुरते ऐकल्याशिवाय ती कात्री ताईच्या हातात देत नाही.