टवका उडालेला ठसा

मी एक लाकडी ठसा. तळहाताएवढा, गोल, नाशपातीच्या लाकडाचा. माझ्या तोंडावर क्रूस कोरलेला आहे आणि क्रूसाच्या चारही अंगांना ख्रिस्ताच्या विजयाची अक्षरं. वेदीवर जाणारा पाव भट्टीत घालायच्या आधी त्यावर मला दाबतात. स्वभावाने मी शांत होतो हो. पण गेल्या वर्षभरात आमच्या गावाने माझं डोकं असं काही फिरवलं आहे की आज सगळं सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मला एका मेंढपाळाने कोरलं. डोंगरावर बर्फ साचलं की त्याला दुसरा उद्योग नसे. उलटी अक्षरं कोरताना त्याने दोन ठसे बिघडवले आणि चुलीत घातले. मी तिसरा. त्याने मला चर्चला वाहिलं, आणि तेव्हापासून रीत पडली की चर्चचा पाव भाजणारी बाई विधवा असावी आणि तिच्याकडे कोणाला बोट दाखवता येऊ नये. जिच्या घरी मी, ती गावातली निर्मळ बाई. घराघरांतून ज्याचे त्याचे ठसे आहेत, पण चर्चचा ठसा मी एकटाच.

माझी पहिली धनीण स्तामाता म्हातारी. निर्मळ होती, यात वाद नाही, पण तिला अक्रोडांचं भारी वेड. एका नाताळात हातोडी सापडेना म्हणून तिने माझ्याच कडेने अक्रोड फोडला. क्रूसाच्या पायथ्याशी माझा टवका उडाला. तेव्हापासून मी उमटतो तिथे पायथ्याला पिठाची नखाएवढी गाठ राहते. एवढं ध्यानात ठेवा, कारण गावाने ते कधी पाहिलंच नाही.

स्तामातानंतर मी पोलिक्सेनीकडे आलो. याला आता एकोणीस वर्षं झाली. शनिवारी सकाळी ती हात कोपरापर्यंत धुते, स्वच्छ रुमाल डोक्याला बांधते, मरियेच्या चित्रापुढचा दिवा लावते आणि काठवटीशी बसते. मळताना एक अक्षर बोलत नाही. मला पीठ चोळते, दाबते, उचलते, मग गव्हाच्या काडीने चार भोकं पाडते, म्हणजे आतली वाफ बाहेर जाते. आमच्याकडच्या बायका मानतात की भट्टीत ठसा फाटला तर करणारीच्या मनात मळ आहे. पोलिक्सेनीचा ठसा एकोणीस वर्षांत एकदाही फाटला नाही. खरं तर ती भोकं विसरत नाही, एवढंच त्याचं कारण आहे. पण मनातही मळ नाही हे मी शपथेवर सांगेन.

आणि मग झिसिस यायला लागला.

झिसिस म्हणजे सत्तरीचा, कमरेत वाकलेला, बायकोपुढे आणि बहिणीपुढे सारखाच गप्प बसणारा माणूस. त्याची बायको वासिलो, बहीण आर्गिरो. त्यांचा एकुलता एक मुलगा स्तेर्गिओस जर्मनीत कारखान्यात काम करताना गेला. तेव्हापासून दर रविवारी वासिलो त्याच्या नावाचा पाव स्वतः भाजून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून चर्चमध्ये आणते. पाद्रीबाबा मृतांच्या नावांत स्तेर्गिओसचं नाव घेतात. त्या एका नावासाठी ही बाई आठवडाभर जगते म्हणा ना.

पण वासिलोला आता आठवत नाही. आधी मीठ विसरायला लागली, मग पिठात साखर. शेवटी तिने घरातला ठसाच जळण समजून चुलीत टाकला. त्याच सकाळी झिसिस मागच्या दाराने पोलिक्सेनीकडे आला आणि स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडला.

"आर्गिरोला कळलं तर ती हिला यान्निना शहरातल्या वृद्धाश्रमात नेऊन टाकेल," तो म्हणाला. "परवा कॉफीत मीठ पडलं, तर तेवढ्यावर म्हणाली, आणखी एकदा असं झालं की गाडी बोलावते. पोलिक्सेनी, मला मळायला शिकव. पाव झाला की मी घरी नेईन आणि वासिलोला सांगेन की तूच भाजलास. तिला खरंच वाटेल."

"शिकव ना म्हणतोस, पण हात तर दाखव," पोलिक्सेनी म्हणाली. "काय रे हे! बकऱ्या धुतल्यास की काय? आधी साबण लाव."

मग त्याने तिला मरियेच्या चित्रापुढे उभं केलं आणि वचन घेतलं की हे कोणालाही सांगायचं नाही. पाद्रीबाबांनाही नाही, कारण थोमास पाद्रीबाबांच्या पोटात काही राहत नाही. पोलिक्सेनीने वचन दिलं. तेव्हा मला वाटलं, किती चांगली बाई! आता त्या वचनाची आठवण आली की माझ्या लाकडाला चीर पडेल असं वाटतं.

तर दर शनिवारी एकाच काठवटीत दोन पाव मळले जायचे. एक चर्चचा, एक स्तेर्गिओसचा. दोन्हींवर मीच. झिसिस आपला पाव कोटाखाली लपवून मागच्या दाराने निघायचा, आणि त्या दारासमोर कोणाची खिडकी? आर्गिरोची! त्याच्या सख्ख्या बहिणीची. विधवा, चर्चच्या बायकांच्या मंडळाची प्रमुख, आणि जिभेला हाड नाही.

पुढचं सांगायला नकोच. पाणवठ्यावर बायका पोलिक्सेनी आली की गप्प व्हायच्या आणि वळली की सुरू.

"उपास तर बाई सगळे पाळते हो!"

"शनिवारचा उपास सोडून!"

कॉफीच्या दुकानात पुरुष झिसिसला विचारायचे, "काय आजोबा, कोटाखाली काय? ऊब आहे वाटतं!" आणि तो लाल होऊन मान खाली घालायचा. लोकांना तेवढंच हवं होतं.

मी ठशाची जात. मला जे बोलायचं ते पिठावर. दर रविवारी वासिलो आपला पाव वेदीशेजारच्या मेजावर ठेवायची. त्यावर माझी गाठ, शेजारी चर्चच्या पावावरही तीच गाठ. सगळं गाव पुढून जायचं. "वासिलोचा हात अजून तसाच आहे हं," असं कौतुक व्हायचं. अरे, त्या पावाकडे नीट बघा ना! खिडकीतून दार बघायला डोळे आहेत, हातातला पाव बघायला नाहीत! पाद्रीबाबा तर वेदीसाठी तुकडा कापताना त्याच ठशावर सुरी चालवतात, पण त्यांना चष्मा लावायची लाज वाटते.

गेल्या महिन्यात मंडळाच्या बायका पाद्रीबाबांना घेऊन घरी आल्या.

"पोलिक्सेनी," पाद्रीबाबा कसेबसे म्हणाले, "झिसिस इथे कशाला येतो, एवढं सांग. म्हणजे सगळं मिटेल."

"त्याने काही वाईट केलं नाही, पाद्रीबाबा. मीही नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, की सांगण्यासारखं नाही?" आर्गिरो म्हणाली.

"कबुलीजबाबात सांग," पाद्रीबाबांनी वाट काढून दिली.

"पाप असतं तर कबूल केलं असतं," ती म्हणाली, आणि कॉफी ठेवायला उठली.

कॉफी! तिची अब्रू जात होती आणि हिला पाहुण्यांना कॉफी द्यायची होती! एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलली असती तर आर्गिरोचं तोंड काळं झालं असतं. पण त्याच वाक्याने वासिलो यान्निनाला गेली असती. हे मला कळत होतं, तरी माझा संताप आवरत नव्हता. चांगल्या माणसांचा मला कधी कधी फार राग येतो.

मंडळाने ठरवलं की चर्चचा ठसा आणि पाव आता आर्गिरोकडे; त्या शनिवारी दुपारी, झिसिस पाव घेऊन गेल्यावर, ती आली आणि तिने मला उचललं. पोलिक्सेनीने मला धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं. "चिकटतो जरा," एवढंच म्हणाली. ती उभी होती तिथे फरशीवर थेंब पडल्याचं ऐकू आलं. तिच्या हातातलं पाणी होतं की डोळ्यांतलं, मला फडक्यातून दिसलं नाही.

आर्गिरोने त्याच संध्याकाळी पाव केला. पीठ चोळलं नाही, भोकं पाडली नाहीत. मला ओढून काढताना पिठाच्या चिंध्या आल्या. टवका बघून ती कडाडली, "देवाची वस्तूसुद्धा धड ठेवली नाही हिने!" पाव भट्टीतून आला तो ठसा मधोमध फाटून. तिने तो आडवा फिरवून बघितला आणि पटकन फडक्यात गुंडाळला.

रविवारी मी तिच्या उघड्या पिशवीत होतो. पाद्रीबाबा मला सगळ्यांसमोर तिच्या स्वाधीन करणार होते. पोलिक्सेनी शेवटच्या रांगेत, खांबामागे उभी होती. आर्गिरोने आपला पाव मेजावर ठेवला. वासिलोने हळूच येऊन तिचा शेजारी ठेवला, आणि वाकून दोन्हींकडे बघत राहिली. जिला काही आठवत नाही, तीच एकटी बघत होती.

"अगं आर्गिरो," ती आनंदाने मोठ्याने म्हणाली, "बघ, तुझ्या पावालाही माझ्यासारखीच गाठ आली!"

आर्गिरोने एक पाव पाहिला. मग दुसरा. मग पिशवीत हात घालून माझ्या टवक्यावरून बोट फिरवलं. पलीकडे झिसिसचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मीच भाजला हं," वासिलो म्हणाली. "सकाळी उठून. माझ्या स्तेर्गिओससाठी. झिसिसला विचार हवं तर."

मला वाटलं, आता फुटतंय! आता तरी फुटतंय!

"हो वहिनी," आर्गिरो म्हणाली. "तुझा जास्त छान झालाय. माझा फाटला."

आणि तिने आपला पाव उचलून परत पिशवीत घातला. पाद्रीबाबांना म्हणाली, "ठसा मला नको. मला जमत नाही."

सोमवारी ती मला घेऊन पोलिक्सेनीकडे आली. मागच्या दाराने.

"दार पुढे आहे," पोलिक्सेनी म्हणाली.

"माहीत आहे मला." ती बसली. मला काठवटीशेजारी ठेवलं. "माझ्या भावाला खरंच मळता येतं का गं?"

एवढं समोर आलं तरी वचन ते वचन! पोलिक्सेनीने कॉफी ठेवली. आर्गिरो ती प्यायली, रडली, नाक पुसलं आणि मागच्याच दाराने गेली. माफीचा शब्द नाही. मला फार हवा होता तो, सगळ्या गावासमोर, घंटा वाजवून.

गाव अजून बोलतं. उलट आता आर्गिरोलाही बोलतं. "हिनेच ठसा परत केला म्हणे. भाऊ सामील, म्हणून झाकतेय!" ती पाणवठ्यावर कळशी भरते, ऐकते आणि गिळते. जन्मात जिने पोटात काही ठेवलं नाही, तिने हे ठेवलंय. तिच्यावरचा माझा राग गेलेला नाही, पण थोडा कमी झालाय हे कबूल करतो.

उद्या शनिवार. झिसिस येईल, हात धुईल, मला दोनदा दाबतील. तुम्ही कधी आमच्या गावी आलात तर रविवारी त्या मेजाशी जरा थांबा. दोन्ही पावांवरच्या क्रूसाचा पायथा बघा, गाठ बघा, पोलिक्सेनी कशी बाई आहे ते बघा. वर्षभर मला वाटायचं, कोणीतरी हे बघावं आणि ओरडून सांगावं. आता एवढंच मागतो की बघा, आणि वासिलो जवळ उभी असेल तर म्हणा, तुझा छान झालाय.