बाकडी शून्य

खिडकीच्या झडपेच्या फटीतून आलेली उजेडाची रेघ आधी आईच्या घडी घातलेल्या अंथरुणावर पडली. तिथून ती सावकाश स्टुलाकडे सरकली, तिथल्या आईच्या चष्म्याच्या एका काचेत शिरली आणि पेल्यातल्या पाण्यातून छतावर जाऊन थरथरत राहिली. तो पडल्या पडल्या पाहत होता. अंघोळीला जाताना "झडप उघड रे," असे आईने बजावले होते. पण झडप उघडली असती, तर एवढीशी ही रेघ भर उजेडात बुडून गेली असती.

दार धाडधाड वाजले.

"वहिनी! आवाज द्या, नाहीतर दार फोडतो!"

त्याने कडी काढली. समोरच्या घरातले निवृत्त ड्रायव्हरकाका हातात पहार घेऊन उभे होते. त्यांच्यामागे गळ्यात टेप अडकवलेली शेजारची शिंपीणमावशी, आणि तिच्यामागे अर्धी गल्ली.

"आई कुठंय?"

"अंघोळीला गेलीय. झालं काय?"

"झडप बंद."

"मी झोपलो होतो."

"अरे कुंभकर्णा, झोप की! पण झडप उघडून झोप," मावशी म्हणाली. "इथं जीव टांगणीला लागला आमचा."

आई ओल्या केसांनी बाहेर आली, तेव्हा सगळे हसत होते. काकांनी पहार पाठीमागे लपवली होती.

चहा होईपर्यंत त्याला उलगडा झाला. तो शिकायला बाहेर पडल्यानंतर कोपऱ्यावरचे मास्तर घरात पडून राहिले होते आणि कुणाला पत्ता लागला नव्हता. तेव्हापासून ऊन खिडकीवर आले, की ज्याने त्याने झडप उघडायची. नाही उघडली, तर समोरच्याने यायचे.

तो मात्र नगरपालिकेच्या पाहणीसाठी गल्लीला गुण द्यायला आला होता. गुण कमी पडले, की नगरपालिका ही घरे पाडणार आणि सगळ्यांना तो राहत होता त्या नव्या वसाहतीत नेणार. गल्लीत सौरऊर्जा नाही, सांडपाण्याचा पुनर्वापर नाही. उरला होता 'सामाजिक जिव्हाळा'. तो बाकड्यांवरून आणि सभागृहावरून मोजला जाई.

"बाकडी किती आहेत, आई?"

"एकही नाही. आम्ही उभ्यानं बोलतो."

"मग शून्य लिहावं लागेल."

"लिही. शून्याच्या खाली काही असेल, तर तेही लिही. मी हलणार नाही."

"तिथं झाडं आहेत, पावसाचं पाणी साठवतात. एकदा येऊन तर बघ."

"तुझी खिडकी उघडली नाही, तर कोण येतं?"

"खाली पहारेकरी असतो."

"तो तुझ्यासाठी असतो की फाटकासाठी?"

त्याने चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"थंडीत ताप आला होता तुला. तेव्हा कोण होतं?"

"तेव्हाच सांगितलं ना फोनवर. शेजारचे होते."

"काय नाव त्यांचं?"

"चहा गार होतोय तुझा," तो म्हणाला.

आईने उठून झडप सताड उघडली. समोरून काकांनी हात हलवला, तिनेही हलवला.

दुपारी त्याने गुणांच्या तक्त्यातल्या 'बाकडी' या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिले : खिडकी उघडली नाही, तर कोण येते? पूर्ण गुण देऊन त्याने साहेबांना फोन लावला आणि सकाळची पहारीची हकीकत सांगितली.

"ठरलेल्या नमुन्यात बदल चालणार नाही," साहेब म्हणाले.

"मग त्यावर माझी सही असणार नाही, साहेब."

"एका पहारीवर गुण द्यायचे?"

"ती दार फोडायला आणली होती. बाकड्यावरून कुणी उठून आल्याचं मला माहीत नाही."

साहेब हसले.

"बरं. हाच प्रश्न तुमच्या वसाहतीला लावा. किती गुण द्याल?"

आई दारात येऊन उभी होती. हातातले धुणे तिने खाली ठेवले नव्हते. त्याने तिच्याकडे पाहिले, मग उघड्या झडपेकडे.

"थंडीत मला ताप आला होता, साहेब," तो म्हणाला. "कुणीही आलं नव्हतं."