दुसरा वापरकर्ता

धाकट्या भावाचा फोन आला. म्हणाला, "ताई, वहिनी कुठून शिरते ते शोधून दे." शिरते म्हणजे घरात नव्हे, दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये. "रविवारी ती बहिणीकडे निघालीय. परत येणार नाही म्हणते. त्याआधी एकदा पुरावा हातात असला म्हणजे बरं."

मी लोकांच्या ऑफिसांतले बिघडलेले डेटाबेस दुरुस्त करून पोट भरते. माहेरचं काम फुकट करते, कारण पिकतं तिथे विकत नाही. पण या वेळी गेले ते वहिनीसाठी. ती घर सोडून निघाली होती आणि मला ते नको होतं.

आमचं नळ आणि पाइपांचं ठोक दुकान. खाली दुकान, वर घर. माझ्या दोन्ही भावजया, थोरली म्हणजे वहिनी आणि धाकटी, समोरासमोरच्या टेबलांवर बसून ऑर्डरी घेतात. पूर्वी सगळी माहिती एकाच कॉम्प्युटरवर असायची. काम वाढलं तसा धाकट्याने मागच्या खोलीत सर्व्हर बसवला, माहिती तिकडे हलवली आणि स्क्रीनवरचे जुनेच फॉर्म त्याला जोडले. तेव्हापासून एखादी जुनी ऑर्डर दुरुस्त करून सेव्ह करायला गेलं की चौकट उभी राहायची: 'तुम्ही ही नोंद उघडल्यानंतर दुसऱ्या वापरकर्त्याने ती बदलली आहे.' केलेली दुरुस्ती पाण्यात.

जिथे दोनच बायका कॉम्प्युटरवर बसतात, तिथे 'दुसरा वापरकर्ता' कोण हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. धाकटी म्हणायची, थोरली माझ्या ऑर्डरीत हात घालते. थोरली म्हणायची, तूच माझ्या ऑर्डरीत घालतेस. मग एका बांधकामावर भलत्याच मापाचा माल गेला, अख्खा ट्रक परत आला आणि भांडण जिना चढून स्वयंपाकघरात पोचलं. तिथे धाकटी म्हणाली, वहिनीला मूल नाही, म्हणून तिला आमचं बरं झालेलं बघवत नाही. हे वाक्य काही कॉम्प्युटरने दाखवलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं, आणि बरेच दिवस तयार असावं.

दुसऱ्या दिवशी थोरलीचा पासवर्ड बंद झाला. बंद केला माझ्या दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने. धाकट्याने सांगितलं, त्याने केला.

तरी चौकट येतच राहिली. "वर बसून मोबाइलवरून करत असणार," धाकटा मला म्हणाला.

"ती? तिला मोबाइलवर आलेला फोन धड उचलता येत नाही."

मी थोरलीचा कॉम्प्युटर बंद केला, धाकटीची सोडून सर्व्हरला जोडलेल्या बाकीच्या सगळ्या वायरी काढून हातात धरल्या आणि धाकटीला एक जुनी ऑर्डर दुरुस्त करायला सांगितलं. तिने केली. चौकट आली. दुसरा वापरकर्ता हजर. धाकटीने आधी वायरींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

कारण सापडायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. सर्व्हर बसवल्यावर धाकट्याने ऑर्डरीत एक नवी खूण वाढवली होती, 'माल परत आला'. टिक केली तर हो, नाही केली तर नाही. पण जुन्या ऑर्डरींत त्या जागी हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. काहीच नव्हतं. फॉर्मला हे 'काहीच नाही' कळत नाही, तो त्याला 'नाही' समजून चालतो. सेव्ह करताना सर्व्हरशी ताडून बघतो, तिकडे 'नाही' सापडत नाही, आणि मग त्याची खात्रीच पटते की मधल्या वेळात कुणीतरी हात घातला. मी सगळ्या रिकाम्या जागी 'नाही' भरलं आणि पुन्हा रिकामं सोडायची सोयच काढून टाकली. चौकट गेली.

"म्हणजे कुणीच नव्हतं?" धाकटीने विचारलं.

"कुणीच नव्हतं."

"पण दिसत तर तसंच होतं ना, ताई."

धाकट्याने आवाज खाली आणला. "आता वर जाऊन काही उकरू नकोस. कसंबसं शांत झालंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर म्हणे शांत झालंय. मला भयंकर राग आला. तरातरा जिना चढले.

वर पलंगावर बॅग उघडी होती. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. दादा खिडकीशी पेपर घेऊन बसला होता. मी दोघांना सगळं सांगितलं. मनात म्हटलं, आता बॅग रिकामी होईल.

वहिनीने नीट ऐकून घेतलं. "हो पण नाही आणि नाही पण नाही?"

"हो. नुसती रिकामी जागा."

"आणि एवढ्यावरून त्याने धरलं, की दुसऱ्या कुणीतरी केलं."

"तेवढ्यावरूनच. वहिनी, उद्यापासून खाली बस. पासवर्ड मी आत्ता चालू करते."

तिने हातातली साडी बॅगेत ठेवली. "त्या दिवशी स्वयंपाकघरात धाकट्या भावजींनी यांना सगळ्यांदेखत विचारलं, 'दादा, वहिनी असं करेल?' मी यांच्या तोंडाकडे बघत उभी होते. हे हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत."

दादाने पेपर आणखी वर धरला.

"खालची रिकामी जागा तू भरलीस, बरं झालं," वहिनी म्हणाली. "ही तुला नाही भरता यायची गं."

मी दादाकडे बघितलं. एकच शब्द हवा होता, तोही उशिराचा चालला असता. त्याने पेपरचं पान उलटलं.

वहिनीने बॅगेची चेन लावली.