कोनाड्यातला तांब्या

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घाटनांदुरात कुणालाही विचारा. ज्या बाईनं माझं भलं केलं तिच्यावरच मी त्या दिवशी खेकसले होते. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच ते आधी सांगून टाकते.

ही सन दोन हजार एकची गोष्ट. अंबाजोगाईत बसस्टँडच्या मागं केदारनाथ सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. सहा कॉम्प्युटर, त्यातले चालू चार, आणि लाईट गेली की सगळेच बंद. मी वर्षभर रोज घाटनांदूरहून जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन तिथं जात होते. माझे वडील सिद्धलिंग, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, गावात किराणा दुकान चालवायचे. वर्ष संपत आलं तसे ते म्हणाले, "शिवकन्ये, शिकलीस तेवढं बास झालं. आता नोकरी लागली तर कर, न्हाईतर दुकानात बस." दुकानात बसायला माझी ना नव्हती, पण मला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं.

सरांना शिकवायला एक माणूस हवा होता. ते म्हणाले, "शनिवारी जावास्क्रिप्टमध्ये स्वतः केलेलं एक पान मला दाखव. चाललं तर सोमवारपासून नवी बॅच तुझी. नाही चाललं तर लातूरचा एक मुलगा यायला तयारच आहे." लातूरच्या त्या मुलाला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी तेव्हापासून मला त्याचा राग यायला लागला.

आता जावास्क्रिप्ट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. इंटरनेटच्या पानाला हलतं-बोलतं करणारी ती भाषा. तिच्यात ऑब्जेक्ट असतात, म्हणजे आपापली माहिती जवळ बाळगणाऱ्या वस्तू. एकसारख्या पुष्कळ वस्तू करायच्या असल्या की कन्स्ट्रक्टर लिहायचा. तो प्रत्येक वेळी नवी वस्तू घडवून देतो. आणि प्रोटोटाइप म्हणजे त्या सगळ्या वस्तूंचं सामाईक ठिकाण. वस्तूकडं काही मागितलं आणि ते तिच्याजवळ नसलं, तर ती प्रोटोटाइपकडं जाऊन बघते. क्लासमधल्या बाकीच्या पोरांनी हे पाठ करून टाकलं. मला मात्र ऐकताक्षणी कळलं, कारण आमच्या गावात असंच चालतं.

आमच्या गल्लीतल्या मठात गावाची भांडी असतात. रोजच्या ताटवाट्या ज्याच्या त्याच्या घरी, पण लग्नकार्याला लागणारी डेग, कढई, मोठी परात घरोघरी कोण ठेवणार? घरात नाही ते मठात मागायचं. मठात एखादी नवी कढई आली की ती सगळ्या गावाची होते, काल बांधलेल्या घराची आणि शंभर वर्षं जुन्या घराचीही. ही भांडी सांभाळायला छबुबाई होती. तिला नवरा नाही, लेकरू नाही. मठाला लागूनच्या एका खोलीत ती राहायची. मी तिला मावशी म्हणायचे.

म्हणून मी मठाच्या भांड्यांचंच पान करायला घेतलं. 'घर' नावाचा कन्स्ट्रक्टर लिहिला. त्यातून आमच्या गल्लीतली चाळीस घरं घडवली, प्रत्येकाला नाव दिलं. भांडं नेणं आणि परत करणं ही कामं प्रोटोटाइपवर ठेवली. नेलेल्या भांड्यांची यादीही तिथंच ठेवली. भांडी मठाची, मग त्यांची यादीही मठातच असणार, असा माझा सरळ हिशोब. त्यात काही चुकत असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

गुरुवारी दुपारी पान चालवून बघितलं. आप्पाराव पाटलांच्या घराला एक डेग दिली आणि यादी दाखवायला सांगितली, तर चाळीसच्या चाळीस घरांपुढं डेग लिहून आली. मी परातही देऊन बघितली. ती पण सगळ्यांनी नेली. मठात एकच डेग आणि ती एकाच वेळी चाळीस चुलींवर चढलेली. मी अक्षर न् अक्षर तपासलं, पुस्तक चाळलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. सर एकदा मागं येऊन उभे राहिले, हसले आणि निघून गेले. तेव्हा मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

शुक्रवारी क्लासला गेलेच नाही, कारण संध्याकाळी चुलतबहिणीच्या लग्नाची सुपारी होती. आईनं मला मठातून मोठी परात आणायला पिटाळलं. माझं डोकं अजून त्या चाळीस डेगांतच होतं. मठात गेले, भिंतीला टेकवलेली परात उचलली आणि निघाले.

"थांब," छबुमावशी म्हणाली. "तांब्या कुठंय तुझा?"

आमच्याकडं अशी रीत आहे की मठातलं भांडं नेताना आपल्या घरचा नाव कोरलेला तांब्या तिथल्या कोनाड्यात ठेवायचा. भांडं परत आणलं की तांब्या घेऊन जायचा. छबुमावशीला वाचता येत नव्हतं, पण गावातला प्रत्येक तांब्या ती बुडाच्या पोच्यावरून आणि काठावरून ओळखायची.

"मावशी, आज वळख झाली व्हय आपली?" मी खेकसले. "सिद्धलिंगाची पोरगी परात घिऊन गेली, एवढं ध्यानात ऱ्हाईना तर लिवून घ्या कुणाकडून तरी. तिकडं आमचा जीव चाललाय अन् तुमचं आपलं तांब्याचं लावलंय."

ती रागावली नाही. तिनं परातीची कड धरून ठेवली.

"जीव कावून चाललाय ते मला कळंना," ती म्हणाली, "पर तांब्या लागतोच. मागं एका साली मी म्हणलं, जाऊ द्या, घरचीच माणसं हायती. तर कढई गेली. ज्याला इचारावं त्यो म्हणं, न्हेलती तर समद्यानीच न्हेलती, मी एकल्यानं कावून आणू? भांडं गावाचं हाय बाई, ते मठात ऱ्हातं. पर न्हेल्याची खूण ज्याच्या त्याच्या घरची पायजे. ती बी मठाचीच ठिवली तर कुणी काय न्हेलं, हे वळखायचं कसं?"

मी परात सोडली. ती दगडी फरशीवर अशी वाजली की बाहेरची कुत्री उठली. मी नेमकं हेच केलं होतं. यादी घरांजवळ ठेवलीच नव्हती. त्यामुळं प्रत्येक घर यादी मागायला मठात जायचं आणि त्याच एका यादीत भर घालून यायचं. चाळीस घरं आणि कोनाड्यात तांब्या एकच, तोही मठाचा.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणाले आणि पळत सुटले. घरी येऊन सगळं वहीत लिहून काढल्यावर आठवलं की परात तिथंच राहिली. आईनं त्या संध्याकाळी मला सगळ्या पाहुण्यांदेखत सुनावलं आणि ते मी गुमान ऐकून घेतलं. मी उलटं बोलले नाही म्हणून तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शनिवारी सकाळच्या पहिल्या जीपनं अंबाजोगाई गाठली. यादीची ती एक ओळ प्रोटोटाइपवरून काढली आणि कन्स्ट्रक्टरच्या आत नेऊन ठेवली. आता प्रत्येक घर घडतानाच स्वतःची रिकामी यादी घेऊन घडणार होतं. सर आले. त्यांनी स्वतः आप्पाराव पाटलांच्या घराला डेग दिली. एका घरापुढं डेग आली, एकोणचाळीस याद्या रिकाम्या राहिल्या.

"मग नेणं आणि परत करणं बाहेर का ठेवलंस?" सरांनी खोडा घातला. "तेही घरात घालायचं."

"सर, भांडं कसं न्यायचं ही रीत सगळ्यांची एकच. ती एका जागी राहू द्यावी. उद्या रीत बदलली तर एकाच ठिकाणी बदलता येईल. काय नेलं, ते मात्र ज्याचं त्याचं."

"हे कुणी शिकवलं तुला? मी तर असं सांगितलं नव्हतं."

"आमच्या मठातल्या मावशीनं."

सरांना ती थट्टा वाटली. पण सोमवारी साडेसातला ये म्हणाले आणि मी गेले. तेव्हापासून शिकवतेच आहे.

पहिला पगार झाला की मठाला एक डेग द्यायची हे मी ठरवूनच टाकलं होतं. देणगीच्या भांड्यावर देणाऱ्याच्या बापाचं नाव कोरायची आमच्यात पद्धत आहे. डेग आली तसे अप्पा चष्मा पुसून वाचायला पुढं झाले. त्यावर 'छबुबाई' एवढंच कोरलेलं होतं. अप्पांनी दोनदा वाचलं, चेहरा जरा उतरला. मग म्हणाले, "ठीक केलंस. माझं नाव दुकानावर हायच."

छबुमावशीला मी डेगेवरची अक्षरं बोट धरून दाखवली. ती त्यांवरून हात फिरवत बसली. मग उठून आपल्या खोलीत गेली आणि रोज पाणी प्यायचा पितळेचा तांब्या घेऊन आली. तीस वर्षं तिनं सगळ्या गावाचे तांबे त्या कोनाड्यात ठेवून घेतले, पण तिचा स्वतःचा तिथं कधी गेला नव्हता. तिच्या घरी डेग लागावी असं काही झालंच नव्हतं. आणि चाळीस घरं घडवताना माझ्याही ध्यानात तिचं घर आलं नव्हतं, याची मला भर मठात लाज वाटली.

तिनं तांब्या कोनाड्यात ठेवला, दोन पावलं मागं होऊन बघितला आणि पदर खोचला.

"चल, डेगीला हात लाव," ती म्हणाली. "आज माझ्या घरी कार्य हाय. हुग्गी करायची लई, गल्लीला पुरंल येवढी. पोरीला नोकरी लागलीय माझ्या."

हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर. मी डेगेचा एक कान धरला, तिनं दुसरा धरला. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसले नाहीत.

पुढच्या सोमवारी क्लासला गेल्यावर पोरं यायच्या आधी मी ते जुनं पान उघडलं आणि एक्केचाळिसावं घर घडवलं. त्याला नाव दिलं छबुबाई, आणि त्याच्या यादीत एक डेग लिहिली.