खालच्या मजल्यावरची भिंत

बाईंनी सवयीने डावा हात बाजूला नेला आणि तो हवेतच राहिला. तिथे भिंत असायला हवी होती. बोटं फाकवून त्यांनी हात आणखी थोडा पुढे केला, तरी काही लागेना.

"पाडली ती," मागून मुलगा म्हणाला. त्याच्या हातात त्यांची बॅग होती. "हॉल आणि स्वयंपाकघर एकच करून टाकलं. बघ, केवढा उजेड आलाय."

बघ, म्हणे. बाईंचे डोळे अधू होत होत केव्हाच गेले होते. शेवटचा उपाय म्हणून केलेली शस्त्रक्रियाही वाया गेली. त्यानंतर बरेच आठवडे त्या मुलाच्या घरी पडून होत्या, आणि तेवढ्यात या पठ्ठ्याने आईला विचारायची तसदी न घेता तिच्या घराचा कायापालट करून टाकला होता. आंधळ्या बाईला उजेड. दुसऱ्या कुणाच्या घरी हे घडलं असतं तर बाई पोट धरून हसल्या असत्या.

"आणि उंबरठे?" त्यांनी विचारलं. पाय घासत त्या इकडून तिकडे चालल्या होत्या आणि पायाला काहीच अडलं नव्हतं.

"तेही काढले. तू अडखळून पडू नयेस म्हणून."

इतक्या वर्षांत बाई त्या उंबरठ्यांना एकदाही अडखळल्या नव्हत्या. उंबरठा आला की खोली बदलली, इतकं साधं ते होतं. इमारत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, भिंती जाड, आणि तळापासून गच्चीपर्यंत प्रत्येक मजल्यावर तोच नकाशा. भाडेकरूंनी मिळून ती विकत घेतली आणि सोसायटी केली, तेव्हा बाई शाळेत गणित शिकवत होत्या आणि त्यांना दिसत होतं. पुढे दिसेनासं झालं तसं या घरानेच त्यांना हाताला धरून चालवलं. भिंत संपली की ओटा, ओट्याच्या टोकाला शेगडी, शेगडीच्या वरच्या फळीवर चहाचा डबा. जिना उतरलं की कोपऱ्यावर बेकरी, पलीकडे औषधांचं दुकान, मग बाग. सगळं चालत जाण्यासारखं आणि पायांना पाठ झालेलं. कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येत नव्हती. मुलाच्या घरी मात्र पाव आणायचा तरी गाडी काढावी लागायची, आणि गाडी काढायला मुलगा घरी असावा लागायचा.

"आवडलं ना?" मुलाने विचारलं.

"हं," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी बॅग त्याच्या हातातून ओढून घेतली.

सकाळी मुलाला जाग यायच्या आत त्यांनी चहा करायचं ठरवलं. आधी स्वतःचा चहा स्वतः करायचा आणि मग तोंड उघडायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पण शेगडीच्या जागी गुळगुळीत काच होती. तिला ना खटका, ना कान पिळायची खुंटी. बोट टेकवलं की ती चालणार, आणि बोट कुठे टेकवायचं ते डोळ्यांनी बघून ठरवायचं. कपाटांना मुठी नव्हत्या. डबा शोधता शोधता त्यांची कंबर खोलीच्या मधोमध उभ्या केलेल्या कुठल्याशा नव्या ओट्यावर आपटली, हातातलं पातेलं सुटलं आणि दूध पावलांवर सांडलं.

मुलगा धावत आला. त्याने दोन-चार कपाटं उघडली आणि बंद केली. फडकं कुठे ठेवलंय ते त्यालाही सापडत नव्हतं.

"लागलं का?"

"नाही."

"तरी मी म्हणतच होतो." तो खाली बसून टॉवेलने पुसायला लागला. "तू माझ्याकडेच चल, आई. एकटीने नाही व्हायचं आता तुला. आणि घर एवढं छान झालंय की भाड्याने लगेच जाईल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी पायाखालचं घर काढून घ्यायचं आणि मग म्हणायचं, तुला घर सांभाळता येत नाही. वर्गातल्या कुठल्याही पोराने असलं गणित मांडलं असतं तर त्यांनी वही त्याच्या पुढ्यात आपटली असती.

"जायच्या आधी मला सगळं येत होतं," त्या म्हणाल्या.

"आधीची गोष्ट वेगळी होती."

"वेगळी तू केलीस."

"तुझ्यासाठीच केलं ना? सगळ्या सुट्ट्या यात घातल्या, जीव आटवला. मला काय हौस होती?" त्याचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "भीती वाटते गं मला. तू फोन उचलला नाहीस की नको नको ते मनात येतं."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच बाई जास्त चिडल्या. त्याने काही वाकड्या मनाने केलं असतं, तर चार शब्द सुनावून मोकळं तरी होता आलं असतं. त्यांनी पायाने चपला चाचपल्या.

"कुठे निघालीस?"

"खाली. भिंत पाडायला परवानगी कुणी दिली ते विचारायला."

जिना सोसायटीचा, म्हणून तो वाचला होता. कठड्याचं लाकूड जिथे झिजलं होतं तिथेच झिजलेलं होतं. बाई भराभर उतरल्या. काठी वरच राहिली, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बरोबर खालच्या घरात सोसायटीचे सेक्रेटरी एकटेच राहत. त्यांच्यात आणि बाईंच्यात कित्येक वर्षं विस्तव जात नव्हता. कारणही भिंतच. सेक्रेटरींना आपला हॉल आणि स्वयंपाकघर एक करायचं होतं, आणि जुन्या इमारतीची एक वीटसुद्धा हलवायची नाही असा हट्ट धरून, तेव्हा कमिटीवर असलेल्या बाईंनी त्यांचा अर्ज फेटाळायला लावला होता. तेव्हापासून जिन्यात गाठ पडली की सेक्रेटरी मोठ्याने खाकरत, आणि बाई त्या खाकरण्याला तेवढी वाट करून देत.

दार उघडलं.

"माझी भिंत पाडायला तुम्ही सही दिलीत?" बाईंनी विचारलं.

"दिली. तुमच्या मुलाने अर्ज केला, मी सही केली. म्हटलं, उशिरा का होईना, बाईंना अक्कल आली."

"मला विचारलंत?"

"माझा अर्ज फेटाळताना तुम्ही मला विचारलं होतंत?"

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. ते झाले नाहीत, पण त्या आत शिरल्या. "उट्टं काढलंत तुम्ही. एवढी वर्षं टपून बसला होतात. एका आंधळ्या बाईच्या घरात घण घालायला लावलेत, आणि वर मला अक्कल शिकवताय?"

"महिनाभर माझ्या डोक्यावर ठोकाठोक चालली होती, बाई. ती काय मी हौसेने ऐकली?" सेक्रेटरीही तापले होते. मग ते थांबले. "एक मिनिट. त्याने तुम्हाला विचारलं नव्हतं?"

"नाही."

तेवढ्यात बाईंनी मान वर केली आणि हवा हुंगली.

"दूध," त्या म्हणाल्या.

आणि त्या वळल्या. डावा हात भिंतीला लागला, भिंतीवरून सरकत गेला, उंबरठ्याशी पाय आपोआप उचलला गेला. भिंत संपली तिथे ओटा होता. ओट्याच्या टोकाशी त्यांनी शेगडीची खुंटी पिळली आणि वर आलेलं दूध खाली बसल्याचा आवाज आला. हात त्याच झपाट्यात वरच्या फळीवर गेला आणि एक डबा घेऊन खाली आला. त्यांनी झाकण काढून वास घेतला. चहाच होता.

तेव्हा कुठे बाई थबकल्या. डबा त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला. वरच्या घरी सकाळपासून जो श्वास कोंडला होता तो सुटला, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

"रोज सकाळी मी या भिंतीला शिव्या घालतो," मागून सेक्रेटरी म्हणाले. "इतकी वर्षं. इथे उभं राहिलं की हॉलमधली खिडकी दिसत नाही म्हणून."

बाईंनी भिंतीवर तळवा टेकवला. वरच्या भिंतीसारखीच ती जराशी खडबडीत होती, आणि जिथे स्वयंपाकघर सुरू व्हायचं तिथे किंचित ओलसर गार.

"घाला," त्या म्हणाल्या. "पण पाडू नका."

मागे सेक्रेटरींनी कपावर कप ठेवल्याचा आवाज आला. बाईंनी पातेलं चाचपून घेतलं, नळाखाली धरलं आणि चहाचं पाणी ठेवलं.

बाहेरच्या खोलीत फरशीवर काठी टेकल्याचा आवाज झाला. तो मुलगा होता. केव्हापासून उभा होता कोण जाणे. आपल्या आईला दुसऱ्याच्या घरात, काठीशिवाय, शेगडीपाशी उभी असलेली तो बघत होता.

"आई," तो म्हणाला. घाईने तो तिच्याकडे निघाला आणि स्वयंपाकघराच्या दारात ठेचकाळला. काठी हातातून सुटून लांब गेली.

"तिथे उंबरठा आहे," बाई मागे न वळता म्हणाल्या. "पाय उचलून ये."