फोटूखालचा शब्द

रेणापूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून महादेवीच्या सोयाबीनची रास चालू होती. मळणीयंत्रापुढं महादेवी भुश्यानं माखून उभी होती. साडीवर नवऱ्याचा जुना चौकड्यांचा सदरा, तोंडाला फडकं, नुसते डोळे उघडे. शाळेच्या उज्वलाबाईंनी स्कूटी थांबवली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि कोण, कुठली, काही न विचारता निघून गेल्या.

उज्वलाबाई इंग्रजी शिकवायच्या. पुस्तकातली चित्रं पोरांना परकी वाटतात, म्हणून गावातलेच फोटो वर्गातल्या टीव्हीवर दाखवायचे, हा त्यांचा नवा नाद. नाद वाईट नव्हता. आपला बैल, आपली विहीर बघून आठवीची पोरं धडाधड इंग्रजी शब्द बोलायला लागली होती, आणि बाई त्या कौतुकात जरा हवेतच होत्या.

महादेवीनं फोटोचं घरी लेकीला सांगितलं. दीपमाला आठवीतच. तिनं ते अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं आणि रोज टीव्हीकडं डोळे लावून बसायला लागली.

एकदाचा फोटो लागला. खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत होतं, 'डर्टी'. बाईंनी अर्थ सांगितला, घाणेरडं. वर्ग गप्प झाला. शब्द अवघड गेला असेल असं बाईंना वाटलं आणि त्यांनी नेमकं दीपमालालाच उभं केलं. ती कसंबसं पुटपुटली.

"मोठ्यानं म्हण," बाई म्हणाल्या.

तिनं मोठ्यानं म्हटलं आणि खाली बसून बाकावर डोकं टेकवलं. शेजारची बुद्धप्रिया उठली. "म्याडम, ती हिची माय हाय."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टीव्ही बंद करायचं बटणही सापडेना.

संध्याकाळी त्या माफी मागायला महादेवीच्या घरी गेल्या. ती हात धुऊन, पदर सावरून पुढं आली. चेहरा नुसता फुलला होता.

"लागला का म्याडम माझा फोटू? काय लिवलं व्हतं खाली?"

दारातली दीपमाला त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "मदर लिवलं व्हतं. मदर म्हंजी माय."

"खरं का म्याडम?"

"हो," बाई म्हणाल्या. माफी मागायला आलेल्या बाई खोटं बोलून परतल्या, तेही लेकराच्या आधारानं. घरी जाईपर्यंत त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तोच फोटो होता, खाली 'मदर'. दीपमाला उभी राहिली. तिनं शब्द इतका हळू वाचला की मागच्या बाकापर्यंत पोचलाच नाही. मोठ्यानं म्हण, असं बाई म्हणाल्या नाहीत.